घटक ४ : धार्मिक आणि स्थानिक इतिहासाचे जतन – आयर्लंडमधील अभिलेखसंग्रह

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• आयर्लंडमध्ये धार्मिक नोंदी हेच स्थानिक इतिहासाचे प्रमुख साधन का ठरले, हे सांगता येईल.
• १९२२ च्या आगीत कोणते अभिलेख नष्ट झाले आणि कोणते कशामुळे वाचले, याचे विवेचन करता येईल.
• लेखी नोंद आणि लोकस्मृती ही साधने परस्परांना कशी पूरक ठरतात, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• अभिलेखांचे जतन आणि सामान्य माणसाचा हक्क यांतील संबंध ओळखता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण इतिहासाच्या लिखित आणि मौखिक साधनांची ओळख करून घेतली. ही साधने टिकतात कशी आणि नष्ट होतात कशी, या प्रश्नाचा विचार या घटकात करावयाचा आहे. त्यासाठी आपण आयर्लंड या छोट्या देशाचे उदाहरण घेणार आहोत. कारण एका राष्ट्राचे दप्तर एका दिवसात जळून जाणे म्हणजे काय, याचा अनुभव या देशाने घेतला आहे.

३० जून १९२२ रोजी डब्लिन शहरातील फोर कोर्ट्स या न्यायालयीन संकुलात प्रचंड स्फोट झाला. ब्रिटनशी झालेल्या तहाच्या प्रश्नावरून आयरिश राष्ट्रवाद्यांत फूट पडली होती आणि यादवी युद्धाला दोनच दिवसांपूर्वी तोंड फुटले होते. तहविरोधी सैनिकांनी एप्रिलपासून हे संकुल ताब्यात घेतले होते, तर हंगामी सरकारच्या तोफा त्यावर मारा करीत होत्या. याच आवारात आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेखागार होते. स्फोट आणि आग यांत सुमारे सात शतकांची कागदपत्रे भस्मसात झाली. अर्धवट जळालेले कागदाचे तुकडे वाऱ्याबरोबर शहरभर उडत राहिले. स्फोटाचा दोष कोणाचा, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही.

या आगीनंतरही आयर्लंडचा धार्मिक आणि स्थानिक इतिहास लिहिला गेला आणि आजही लिहिला जात आहे. तो कशाच्या आधारे, हे आता पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पॅरिश : धर्माचा आणि गावाचा समान घटक

युरोपातील अनेक देशांप्रमाणे आयर्लंडमध्येही 'पॅरिश' हा स्थानिक जीवनाचा मूळ घटक होता. एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील गावांचा समूह म्हणजे पॅरिश. त्याहून लहान घटक म्हणजे 'टाउनलँड'. नावात 'टाउन' असले तरी ते नगर नव्हे, तर शिवारासारखा छोटा भूभाग असतो. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. एखादा माणूस कोणत्या पॅरिशमधला आणि कोणत्या टाउनलँडमधला, हे कळले की त्याचा माग काढता येतो.

सर्व जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सरकारी नोंदणी आयर्लंडमध्ये १८६४ पासून सुरू झाली. त्यापूर्वी सामान्य माणसाचे नाव कागदावर येण्याचे प्रसंग मोजकेच होते. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन हे त्यांतील प्रमुख. शेतमजूर, विणकर किंवा घरकाम करणारी स्त्री यांची नावे इतिहासग्रंथांत सापडत नाहीत. ती सापडलीच तर चर्चच्या नोंदवहीत सापडतात. म्हणून या देशात धार्मिक अभिलेख हा केवळ धर्माचा इतिहास राहत नाही; तो गावाचा, कुटुंबाचा आणि स्थलांतराचाही इतिहास होतो.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. बहुसंख्य आयरिश जनता कॅथॉलिक होती. परंतु १८७० च्या अखेरीपर्यंत राज्यमान्यता होती ती 'चर्च ऑफ आयर्लंड' या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चला. या एका भेदामुळे दोन्ही पंथांच्या नोंदवह्यांचे भवितव्य वेगवेगळे घडले.

४.३.२ सुरक्षिततेसाठी गोळा केले आणि गमावले

१८६७ च्या कायद्याने डब्लिनमध्ये सार्वजनिक अभिलेखागार स्थापन झाले. विखुरलेली सरकारी आणि न्यायालयीन कागदपत्रे एका भक्कम इमारतीत आणून ती सुरक्षित करावीत, हा त्यामागील हेतू होता. पुढे १८६९ च्या कायद्याने चर्च ऑफ आयर्लंडची राज्यमान्यता संपुष्टात आली; हा बदल १ जानेवारी १८७१ पासून अमलात आला. तेव्हा प्रश्न उभा राहिला की, राज्यमान्य असताना या चर्चने केलेल्या नोंदी कोणाच्या? १८७५ आणि १८७६ च्या कायद्यांनी त्या सार्वजनिक अभिलेख ठरवल्या. ज्या पॅरिशमध्ये नोंदवह्या सुरक्षित ठेवण्याची पुरेशी सोय नसेल, तिने त्या डब्लिनला पाठवाव्यात, अशी व्यवस्था झाली.

त्यानुसार जवळजवळ एक हजार पॅरिशच्या जुन्या नोंदवह्या डब्लिनला आल्या. १९२२ च्या आगीत त्यांतील अगदी मोजक्या वाचल्या. ज्या धर्मगुरूंनी 'आमच्याकडे मजबूत तिजोरी आहे' असे दाखवून वह्या स्वतःकडेच ठेवल्या होत्या, त्यांच्या वह्या शाबूत राहिल्या. काहींनी मूळ वही पाठवण्यापूर्वी तिची नक्कल करून घेतली होती. त्या नकलाही उरल्या. हा केवळ प्रोटेस्टंट समाजाचा तोटा नव्हता. जुनी दफनभूमी बहुधा याच चर्चच्या आवारात असल्यामुळे तिच्या दफननोंदींत कॅथॉलिकांचीही नावे असत.

याच आगीत १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांच्या मूळ याद्याही, थोडे अवशेष वगळता, नष्ट झाल्या. मात्र सर्व दोष आगीला देता येत नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेच्या याद्या सरकारनेच नष्ट करवल्या होत्या, तर १८८१ आणि १८९१ च्या याद्या पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेल्या. त्यामुळे संपूर्ण स्वरूपात हाती असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची आहे. अभिलेख युद्धात जळतात, तसेच ते 'निरुपयोगी' ठरवणाऱ्या कार्यालयीन आदेशानेही नाहीसे होतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

४.३.३ काय उरले आणि का उरले?

उरलेल्या साधनांकडे पाहिले असता त्यांच्या बचावाची तीन कारणे दिसतात.

(अ) वापरात असलेले कागद : अभिलेखागाराच्या दोन इमारती होत्या. एका इमारतीत कार्यालय आणि वाचनकक्ष होता; दुसऱ्या इमारतीत कागदपत्रांचे कोठार होते. आग पसरू नये म्हणून दोहोंमध्ये अंतर राखले होते. त्यामुळे कोठार जळाले तरी वाचनकक्षाची इमारत बचावली. त्या वेळी वाचकांसाठी बाहेर काढलेले जे थोडे दस्तऐवज तेथे होते, तेही वाचले.

(आ) अभ्यासकांनी केलेल्या नकला : १७६६ मध्ये आयरिश उमराव सभेने चर्च ऑफ आयर्लंडच्या धर्मगुरूंना आपापल्या पॅरिशमधील प्रोटेस्टंट आणि कॅथॉलिक कुटुंबांची गणना करण्यास सांगितले होते. त्या मूळ याद्यांपैकी बहुतेक जळाल्या. तथापि टेनिसन ग्रोव्ह्ज यांच्यासारख्या वंशावळीच्या अभ्यासकांनी आगीपूर्वी उतरवून घेतलेले भाग आज उपलब्ध आहेत. सर विल्यम बेथम यांनी जुन्या मृत्युपत्रांची केलेली टिपणेही मूळ मृत्युपत्रे नष्ट झाल्यावर मोलाची ठरली. आपल्या कामापुरते उतरवलेले हे कागद पुढे मूळ साधनाची जागा घेतील, याची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते.

(इ) सामान्य माणसांचे अर्ज : हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचा. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले. मात्र वयाचा पुरावा कोठून आणावयाचा? १८६४ पूर्वी सरकारी जन्मनोंदणीच नव्हती. यावर तोड निघाली ती १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून. अर्जदार आपल्या आईवडिलांची नावे आणि त्या वेळचे टाउनलँड कळवीत असे. अभिलेखागारातील कारकून ते कुटुंब जनगणनेच्या यादीत शोधून अर्जदाराचे तेव्हाचे वय पत्रकावर लिहीत असे. कधी संपूर्ण कुटुंबाची माहिती उतरवली जाई. १९२२ मध्ये मूळ याद्या जळाल्या. पण या शोधपत्रकांपैकी हजारो पत्रके उरली. पाच शिलिंगांसाठी केलेल्या अर्जांमुळे नष्ट झालेल्या जनगणनेचे अंश आपल्या हाती आले आहेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. आयर्लंडमध्ये सर्व जन्ममृत्यूंची सरकारी नोंदणी कोणत्या वर्षी सुरू झाली?
२. डब्लिनला न पाठवलेल्या पॅरिश नोंदवह्या का वाचल्या?
३. निवृत्तिवेतनाच्या अर्जदारांना जुन्या जनगणनेची गरज का भासली?

४.३.४ कॅथॉलिक नोंदवह्या : राज्याबाहेर राहिल्याचा लाभ

कॅथॉलिक चर्चला राज्यमान्यता नव्हती. त्यामुळे त्याच्या नोंदवह्या सरकारी अभिलेख ठरल्या नाहीत आणि त्या डब्लिनला पाठवाव्या लागल्या नाहीत. त्या पॅरिशमध्येच राहिल्या आणि १९२२ च्या आगीतून सुटल्या. ज्या समाजाला राज्याने दूर ठेवले, त्याचे दप्तर त्या दुराव्यामुळेच वाचले.

परंतु या दुराव्याची दुसरी बाजूही आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथॉलिकांवर लादलेल्या जाचक कायद्यांमुळे त्यांच्या धर्मसंस्थेला दीर्घकाळ स्थिर व्यवस्था उभारता आली नाही. काही नगरांतील नोंदवह्या बऱ्याच जुन्या आहेत. पश्चिमेकडील गरीब भागांत मात्र अनेक वह्या एकोणिसाव्या शतकात, काही तर १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळानंतर सुरू होतात. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली. ज्या पॅरिशमध्ये वहीच नव्हती, तेथील मृतांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. शिवाय कॅथॉलिक वह्यांमध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांवर भर असे. दफनाच्या नोंदी विरळच आढळतात.

या वह्या वाचताना भाषेचाही विचार करावा लागतो. घरात आयरिश भाषा बोलणाऱ्या कुटुंबाची नोंद धर्मगुरू लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत करीत असे. घरी 'शेमस' म्हणून हाक मारला जाणारा मुलगा वहीत 'जाकोबस' होई आणि पुढे सरकारी कागदावर 'जेम्स'. एकाच माणसाची ही तीन नावे ओळखता आली नाहीत, तर अभ्यासक एका माणसाची तीन माणसे करून बसेल. नोंद म्हणजे वास्तवाचे जसेच्या तसे चित्र नव्हे. नोंदणाऱ्याची भाषा, पद आणि दृष्टी तिच्यात मिसळलेली असते, हे सूत्र भाषेच्या विद्यार्थ्यांनी विशेषत्वाने लक्षात ठेवावे.

विसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने साधारणपणे १८८० पर्यंतच्या कॅथॉलिक नोंदवह्यांचे सूक्ष्मचित्रण करून घेतले. जुलै २०१५ मध्ये त्यांच्या ३,७०,०००हून अधिक प्रतिमा संगणकीय जाळ्यावर विनामूल्य खुल्या करण्यात आल्या. स्थलांतरित आयरिश कुटुंबांच्या वंशजांना आपले मूळ गाव आता घरबसल्या शोधता येते.

४.३.५ मठातील लेखक आणि शाळेतील मुले

जतनाची ही परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात इंग्रजी सत्तेमुळे आयरिश मठ आणि विद्वान घराणी उद्ध्वस्त होत असताना, लूव्हाँ येथील आयरिश फ्रान्सिस्कन महाविद्यालयाने मिहॉल ओ क्लेरी या धर्मबंधूला मायदेशी पाठवले. संतचरित्रे आणि जुनी हस्तलिखिते शोधून त्यांच्या नकला करणे हे त्यांचे काम होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १६३२ ते १६३६ या काळात डोनेगॉल परिसरात बसून आयर्लंडचा कालानुक्रमे वृत्तान्त सिद्ध केला. तो 'चार आचार्यांचा वृत्तान्त' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांनी पाहिलेल्या अनेक मूळ पोथ्या पुढे नाहीशा झाल्या. फ्रान्सिस्कनांचा हस्तलिखितसंग्रह लूव्हाँहून रोमला, तेथून १८७२ मध्ये डब्लिनला आणि अखेर २००० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन येथे आला.

विसाव्या शतकात हेच काम शाळकरी मुलांनी केले. १९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. जेम्स डेलार्गी हे त्याचे संचालक होते. आयोगाने शिक्षण खात्याच्या आणि शिक्षकांच्या सहकार्याने १९३७ ते १९३९ या काळात एक योजना राबवली. प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांनी नेहमीच्या निबंधाऐवजी घरातील आणि शेजारच्या वृद्धांकडून माहिती विचारून वहीत लिहावी, असे ठरले. गावची पवित्र विहीर, स्थानिक संत, पडके चर्च, जुनी दफनभूमी, दुष्काळाच्या आठवणी, घरगुती औषधे असे विषय ठरवून दिले होते. सुमारे ५,००० शाळांमधून जवळपास ७,४०,००० पृष्ठांचा मजकूर जमा झाला. आयोगाचा हा संग्रह आज राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहाचा भाग असून २०१७ मध्ये त्याचा समावेश युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' सूचीत झाला.

या वह्यांचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बाप्तिस्मा होण्यापूर्वी दगावलेल्या अर्भकांना पवित्र भूमीत पुरू दिले जात नसे. आईवडील त्यांना गावाबाहेरच्या 'किलीन' नावाच्या वेगळ्या जागी, पुष्कळदा रात्रीच्या वेळी, पुरत. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांचे नाव नाही. पण गावाला ती जागा ठाऊक होती. आजीआजोबांनी ती मुलांना सांगितली आणि मुलांनी ती वहीत लिहिली. धर्मसंस्थेच्या दप्तरात ज्याला स्थान नव्हते, ते लोकस्मृतीने असे सांभाळले.

४.३.६ नोंद आणि न्याय : ट्यूमचे उदाहरण

अभिलेखांचा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही, हे ट्यूम या गावाच्या उदाहरणावरून दिसते. गॉलवे परगण्यातील या गावी १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित माता आणि त्यांची मुले यांच्यासाठी एक आश्रयगृह होते. ते बॉन सेकूर या पंथाच्या जोगिणी चालवीत. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासिकेने या गृहाचा इतिहास लिहावयास घेतला. त्यांनी नोंदणी कार्यालयाकडे तेथील मुलांच्या मृत्युनोंदी मागितल्या, तेव्हा ७९६ मुलांच्या नोंदी मिळाल्या. ही मुले पुरली कोठे, हे पाहण्यासाठी त्यांनी दफनभूमींची दप्तरे तपासली, तर तेथे त्यांचा जवळजवळ मागमूस नव्हता. जुने नकाशे आणि शेजाऱ्यांच्या आठवणी यांची सांगड घातल्यावर गृहाच्या आवारातील एका जागेकडे बोट गेले. २०१२ मध्ये त्यांचा लेख स्थानिक इतिहास मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. २०१७ मध्ये त्या जागी जमिनीखालील कप्प्यांत मानवी अवशेष मोठ्या प्रमाणावर सापडल्याचे आयोगाने जाहीर केले. पुढे २०२२ मध्ये यासाठी कायदा झाला आणि २०२५ मध्ये उत्खनन सुरू झाले.

कॉर्लेस यांनी वापरलेली साधने पाहा : मृत्युनोंदी, दफनाची दप्तरे, नकाशे आणि आठवणी. यांपैकी कोणत्याही एका साधनाने सत्य कळले नसते. नोंद आहे पण दफन नाही, ही विसंगती दोन दप्तरे शेजारी ठेवल्यावरच दिसली. अशा संस्थांमधून दत्तक दिलेल्या मुलांनाही आपले जन्मदाते कोण हे जाणण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. २०२२ च्या स्वतंत्र कायद्याने त्यांना आपल्या जन्माविषयीची माहिती मिळवण्याचा हक्क दिला. त्यांच्या दृष्टीने अभिलेख म्हणजे स्वतःच्या ओळखीचा पुरावाच होय.

४.३.७ पुनर्रचना आणि तिच्या मर्यादा

आगीच्या तीन वर्षे आधी, १९१९ मध्ये, अभिलेखागारातील अधिकारी हर्बर्ट वुड यांनी तेथील संग्रहाचा सूचिग्रंथ प्रसिद्ध केला होता. कोठारात काय होते, हे त्यामुळे कळू शकले. या सूचीच्या आधारे ट्रिनिटी कॉलेज, डब्लिन येथील संशोधकांनी अन्य अभिलेखागारे आणि ग्रंथालये यांच्या साहाय्याने जळालेल्या दस्तऐवजांच्या नकला, टिपणे आणि उतारे शोधण्यास प्रारंभ केला. जून २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीच्या निमित्ताने, हे 'आभासी अभिलेखागार' सर्वांसाठी खुले झाले. चर्च ऑफ आयर्लंडच्या शिल्लक नोंदवह्यांसाठी डब्लिनमधील त्या चर्चचे मध्यवर्ती ग्रंथालय हे प्रमुख आश्रयस्थान आहे.

मात्र आभासी प्रत सर्व उणिवा भरून काढू शकत नाही. ज्या वहीची नक्कल कोणीही केली नव्हती, ती परत येणार नाही. जी नावे कधी लिहिलीच गेली नाहीत, ती संगणकालाही सापडणार नाहीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
योग्य की अयोग्य ते सांगा.
१. कॅथॉलिक पॅरिशच्या नोंदवह्या १९२२ च्या आगीत नष्ट झाल्या.
२. शाळकरी मुलांच्या संग्रहात स्थानिक संत आणि पवित्र विहिरी यांची माहिती आहे.
३. हर्बर्ट वुड यांचा सूचिग्रंथ आगीनंतर तयार झाला.

४.४ सारांश

आयर्लंडमध्ये सरकारी नोंदणीपूर्वीच्या काळात धार्मिक नोंदी हेच सामान्य माणसाच्या इतिहासाचे प्रमुख साधन होते. सुरक्षिततेसाठी एका ठिकाणी आणलेल्या नोंदी १९२२ मध्ये एकाच वेळी नष्ट झाल्या. गावात राहिलेल्या वह्या, अभ्यासकांच्या नकला आणि वृद्धांच्या अर्जांवरील पत्रके उरली. यावरून असे म्हणता येईल की, अभिलेखाचे खरे संरक्षण भक्कम भिंतीपेक्षा एकाहून अधिक प्रती, एकाहून अधिक राखणदार आणि सततचा वापर यांमुळे होते. लेखी नोंद अपुरी पडते तेथे लोकस्मृती उपयोगी पडते, आणि दोहोंची सांगड घातल्यास विस्मृतीत गेलेल्यांनाही न्याय मिळू शकतो.

४.५ पारिभाषिक शब्द

अभिलेख : व्यवहाराच्या ओघात निर्माण झालेला आणि पुरावा म्हणून जपलेला दस्तऐवज.
पॅरिश : एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील गावांचा समूह.
बाप्तिस्मा : ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा जलसंस्कार.
सूक्ष्मचित्रण : दस्तऐवजांची लहान आकारातील छायाचित्रे फितीवर घेण्याची पद्धत.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. १८६४ मध्ये. २. त्या स्थानिक धर्मगुरूंच्या ताब्यात राहिल्याने आगीपासून दूर होत्या. ३. १८६४ पूर्वीची सरकारी जन्मनोंद नसल्याने वयाचा पुरावा देण्यासाठी.
प्रश्न २ : १. अयोग्य. २. योग्य. ३. अयोग्य.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. 'अभिलेख एका ठिकाणी गोळा करणे हा लाभही आहे आणि धोकाही' या विधानाची आयर्लंडच्या आधारे चर्चा करा.
२. ट्यूमच्या उदाहरणात कोणकोणती साधने वापरली गेली? त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरातील एका वृद्ध व्यक्तीस एखाद्या जुन्या वास्तूची किंवा विहिरीची हकिकत विचारा. ती त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने, तारीख आणि स्थळ नमूद करून लिहून काढा. या हकिकतीची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि दुसरी त्यांच्या कुटुंबीयांना द्या.